वेलिंग्टन येथील महामाकूल

सेवानिवृत्तीनंतर काशीयात्रा करावी, असा आमचा संकल्प होता. तो बाजूस राहिला आणि सन 2025 च्या ज्येष्ठ मासी थेट न्यूझीलंड देशाची वारी घडली. आमची कन्या व जामात नोकरीनिमित्त त्या देशाच्या राजधानीत, वेलिंग्टन शहरी, राहतात. एके काळी समुद्रोल्लंघन म्हटले की प्रायश्चित्ताचा प्रश्न निघे. आता सिंगापुरास विमान बदलण्याचा प्रश्न तेवढा निघतो. असो.

वेलिंग्टन हे शहर दक्षिण अक्षांश 41 वर, एका गोल बंदराभोवती, उभ्या टेकड्यांवर वसलेले आहे. भूकंपाचा प्रदेश असल्यामुळे घरे बहुतेक लाकडाची. आणि वाऱ्याची ख्याती अशी की टोपी सांभाळणे हा तेथील पादचाऱ्यांचा नित्याचा व्यवसाय. आपल्याकडे आषाढसरी कोसळत असतात तेव्हा तेथे कडक हिवाळा. दुपारचा सूर्य उत्तरेच्या आकाशातून जातो, हे भूगोलात आम्ही तीस वर्षे मुलांना शिकविले होते. परंतु माध्याह्नी आपली सावली दक्षिणेस पडलेली पाहून क्षणभर गोंधळलो, हे कबूल केले पाहिजे. रात्री त्याहून मोठे नवल दिसले. आपल्याकडे दक्षिण क्षितिजावर थोडा वेळ दर्शन देऊन जाणारा अगस्त्य तेथे कधी मावळतच नाही. समुद्रात दडलेल्या कालेयांना उघडे पाडण्यासाठी ज्या ऋषीने समुद्र प्राशन केला, त्याचा तारा ज्या बंदरावर अखंड पहारा करतो, त्या बंदराकाठी समुद्राचे एक गुपित आम्हांस पाहावयास मिळावे, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटला.

ते गुपित दाखविण्याचे श्रेय आमच्या नातीचे. वय वर्षे नऊ. दुसऱ्याच दिवशी तिने फर्मान काढले, "आबा, आधी माझ्या स्क्विडला भेटायला चला." स्क्विड म्हणजे काय, हे आमच्या देशावरील वाचकांस सांगितले पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यास माकूल म्हणतात तो हा प्राणी. नावास मासा, पण वस्तुतः मासा नव्हे. शंखशिंपल्यांच्या कुळातील, बाहेरचे कवच टाकून दिलेला, डोक्यालाच आठ भुज व दोन लांब शुंडा फुटलेला जलचर. आमची सारी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावरच्या शाळेत झाली. त्यामुळे माकूल हा शब्द कानास परिचित होता. डोळ्यांस मात्र नव्हता. ज्या घरी मत्स्याहार वर्ज्य, तेथे मासळीबाजाराच्या वाटेने जाण्याचेही कारण पडत नाही. ह्या प्राण्याशी आमचा एक जुना हिशेबही आहे. तो ओघाने पुढे येईल.

बंदराच्या काठाशीच 'ते पापा टोंगारेवा' नावाचे राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आहे. माओरी भाषेतील ह्या नावाचा अर्थ ढोबळ मानाने 'रत्नांची पेटी' असा होतो. सन 1998 मध्ये उघडलेली ही इमारत अनेक मजली असून तीत माओरी लोकांची कोरीव कामे, पक्षी, खनिजे, भूकंपाची माहिती असे नानाविध भांडार आहे. आम्हांस ती कोरीव कामे पाहावयाची होती. परंतु नातीने हात धरून सृष्टिविभागात ओढीत नेले आणि एका प्रचंड काचपेटीपुढे उभे केले.

खरे सांगावयाचे तर प्रथमदर्शनी आमची निराशा झाली. पेटीतील द्रवात काहीतरी फिक्कट, सुरकुतलेले, पिळून ठेवलेल्या धोतरासारखे पडले होते. आम्ही म्हणालो, "हाच का तुझा स्क्विड?" तिने गंभीरपणे दुरुस्ती केली, "तो नाही आबा, ती आहे." आम्ही जन्मभर मुलांची लिंगे दुरुस्त केली, आता आमचे लिंग नातीने दुरुस्त केले. मग ती एकेक अवयव दाखवू लागली आणि आम्ही पाहू लागलो.

ह्या जातीचे इंग्रजी नाव 'कलॉसल स्क्विड'. आम्ही आपल्यापुरते त्यास महामाकूल म्हणू. कवचहीन, कणाहीन अशा प्राण्यांत भाराने ह्याच्याएवढा दुसरा नाही. पेटीतील मादीचे वजन 495 किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाच क्विंटल भरले होते. तिचे कूळ मात्र नाजूक: ती 'काचमाकूल' वर्गातील आहे. ह्या वर्गात सुमारे साठ जाती असून त्यांतील बहुतेक हातभर किंवा वीतभर लांबीच्या व काचेसारख्या पारदर्शक असतात. जणू स्फटिकाच्या बाहुल्यांच्या घराण्यात एक ऐरावत जन्मास यावा, असा हा प्रकार आहे.

आता ह्या प्राण्याची ओळख मनुष्यास कशी झाली, ते ऐकण्यासारखे आहे. आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. महामाकुलाच्या बाबतीत ही मालिका अनुमानापासून सुरू झाली. सन 1924-25 च्या सुमारास फॉकलंड बेटांजवळ मारलेल्या एका स्पर्म देवमाशाच्या पोटात दोन भुजमंडले सापडली. धड नव्हते, केवळ भुज. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील गाय रॉब्सन ह्या पंडिताने ती तपासली. भुजांच्या मध्यभागी तीक्ष्ण आकडे होते, तसे अन्य कोणत्याही माकुलास त्याने पाहिले नव्हते. सन 1925 मध्ये त्याने त्यास ग्रीक शब्दांचे नाव दिले: 'मेसोनिकोट्यूथिस', म्हणजे 'मध्यभागी नखे असलेला माकूल'. धूर पाहून अग्नी ओळखावा, तसे शत्रूच्या जठरातील दोन अवयवांवरून एक अख्खा प्राणी ओळखला गेला.

पुढेही बराच काळ पुरावा येई तो देवमाशाच्या पोटातूनच. माकुलाचे सारे शरीर मऊ. पण तोंडात पोपटाच्या चोचीसारखी कठीण चोच असते, ती देवमाशास पचत नाही. अशा चोची गोळा करून पंडितांनी ह्या प्राण्याच्या आकाराचे हिशेब मांडले. सन 1981 मध्ये एका सोव्हिएत जहाजास व सन 2003 मध्ये रॉस समुद्रात एक, अशा अल्पवयीन माद्या मिळाल्या. मग सन 2007 च्या फेब्रुवारीत, त्याच रॉस समुद्रात, अंटार्क्टिकाच्या उंबरठ्यावर, न्यूझीलंडचे एक जहाज गळांच्या लांब दोऱ्या सोडून 'टूथफिश' नावाचे मोठे मासे धरीत होते. एक दोर वर ओढताना गळाला लागलेल्या माशास कवटाळून ही मादी वर आली. तोंडचा घास तिने सोडला नाही, आणि त्यातच तिचा घात झाला. खलाशांनी तिला गोठवून वेलिंग्टनला आणले.

सन 2008 च्या एप्रिलमध्ये तिला वितळविण्याचा प्रसंग मोठा बिकट होता. साध्या हवेत ठेवावी तर बाहेरचा भाग नासावा आणि आतला तसाच दगड राहावा. म्हणून मिठाच्या थंड पाण्यात बर्फ घालून, पारा सांभाळीत, दिवसेंदिवस तिला हळूहळू मोकळी केली. मोजमाप केले तेव्हा लांबी 4.2 मीटर भरली. मरणोत्तर तिच्या शुंडा आखडल्या होत्या. डोळ्याचा व्यास सुमारे 27 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घरातील जेवणाच्या ताटाएवढा. तिच्या खालच्या चोचीचे टोक 42.5 मिलिमीटर होते. देवमाशांच्या पोटात मात्र 49 मिलिमीटरपर्यंतच्या चोची सापडल्या आहेत. तात्पर्य, आमच्यापुढे पडलेली ही पाच क्विंटलांची बाई तिच्या जातीत सर्वांत थोर नव्हे!

शरीराची रचना पाहू लागलो, तो कौतुक वाढतच गेले. माकुलास हृदये तीन आणि रक्त निळे. कारण त्यांच्या रक्तात लोहाच्या जागी ताम्र प्राणवायू वाहते. मेंदू कड्यासारखा असून अन्ननलिका त्याच्या मधून जाते. त्यामुळे घास बारीक करूनच गिळावा लागतो. महामाकुलाच्या शुंडांच्या टोकांवरील आकडे तर सर्व बाजूंस फिरणारे आहेत. धरलेली शिकार कोठेही वळली तरी आकडाही तिच्याबरोबर वळतो.

पण ह्या कुळाची खरी करामत तरंगण्यात आहे. कल्हईवाला भांड्यावर कापसाने जी पांढरी पूड फिरवितो, ती नवसागर आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. काचमाकूल आपल्या शरीरातील एका मोठ्या पोकळीत ह्याच नवसागराचे द्रावण साठवितात. ते खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे हातपाय न हालविता प्राणी पाण्यात अधांतरी राहतो. ज्यास पोहण्याची धडपड नाही, त्यास अन्नही थोडेच पुरते. सन 2010 च्या एका अभ्यासात असा हिशेब आहे की, पाच किलोंचा एक मासा मिळाला तर 500 किलोंचा महामाकूल थंड पाण्यात सुमारे 200 दिवस काढू शकेल. आमचे चातुर्मासातील एकभुक्त त्यापुढे काय वर्णावे! पूर्वी लोक ह्यास समुद्रातील क्रूर राक्षस समजत. आता पंडितांचा कल असा की, हा अंधारात स्वस्थ तरंगत, समोरून येईल ते धरणारा मंद प्राणी असावा.

मग एवढ्या डोळ्याचे प्रयोजन काय? सन 2012 मध्ये काही शास्त्रज्ञांनी असा तर्क मांडला की, तो डोळा भक्ष्य शोधण्यासाठी नसून काळ ओळखण्यासाठी आहे. खोल पाण्यात सूक्ष्म जीव धक्का लागताच चमकतात. देवमासा येऊ लागला म्हणजे त्याच्या भोवती अंधुक प्रकाशाची कडा उमटते. ती कडा 120 मीटरांहून दिसावी, एवढ्यासाठी हा ताटाएवढा डोळा.

येथवर अनुमान झाले. ह्या प्राण्याची जीवनकथा मात्र अजून बरीचशी उपमानावर चालते. गवय कधी न पाहिलेल्यास 'तो गाईसारखा असतो' असे सांगावे, तद्वत् महामाकुलाचे बालपण व मरण त्याच्या लहान भावंडांवरून जाणावे लागते. त्याची अंडी समुद्रात अजून कोणाच्या दृष्टीस पडलेली नाहीत. काचमाकुलांची पिले जन्मतः काही मिलिमीटरांची असतात आणि वरच्या, उजेडाच्या पाण्यात राहतात. काही जातींत बाळपणी डोळे देठांवर असतात. वरच्या पाण्यात लपावयास झाड ना खडक. म्हणून निसर्गाने त्यांस काचेचे केले. मागचे पाणी आरपार दिसते, मग प्राणी दिसणार कोठून? तथापि डोळे आणि पाचकग्रंथी पारदर्शक होऊ शकत नाहीत. त्यावरही तोड आहे. ग्रंथी चातीसारखी निमुळती असून, शरीर कसेही कलले तरी ती उभीच राहते, म्हणजे खालून पाहणाऱ्यास तिची सावली कमीत कमी पडते. डोळ्यांच्या खालच्या अंगास प्रकाश देणारे अवयव असतात. त्यांचा मंद उजेड वरून येणाऱ्या उजेडाशी मिळून डोळ्याची सावली पुसून टाकतो. आपली छाया आपणच दिवा लावून पुसावी, ही युक्ती कोणत्याही काव्यात आमच्या वाचनात आली नव्हती.

वय वाढते तसतसे पिलू खाली खाली उतरते. शंभर, पाचशे, हजार मीटर. महामाकूल तर दोन हजार मीटरांच्याही खाली जातो. जेथे उजेडच नाही तेथे काचेचे काम काय? मोठेपणी त्याची पारदर्शकता जाते आणि अंग तांबूस, अपारदर्शक होते. काचमाकुलांच्या काही जातींत पक्व झालेल्या मादीचे स्नायू विरघळून शरीर खिरीसारखे मऊ पडते. आपल्या देहाची शिदोरी ती अंड्यांस देते, आणि बहुतेक माकुलांप्रमाणे एकदाच प्रसवून संपते. पेटीतील मादीच्या उदरातही अंडी होती, असे नातीने सांगितले. मग ती काचेला नाक लावून म्हणाली, "आबा, म्हणजे ही आई होणार होती." आम्ही काही बोललो नाही. रॉस समुद्राचा 15 लाख चौरस किलोमीटरांहून अधिक भाग सन 2017 पासून संरक्षित ठरविण्यात आला आहे, एवढे तिला सांगितले. तेवढ्याने तिचे समाधान झालेले दिसले नाही.

घरी आल्यावर तिने आम्हांस संगणकावर एक चलच्चित्र दाखविले. सन 2025 च्या मार्च महिन्याच्या 9 तारखेस, दक्षिण अटलांटिकातील साउथ सँडविच बेटांजवळ, एका संशोधन जहाजाने दोरीने सोडलेल्या यंत्राच्या नेत्रास, 600 मीटर खोलीवर, एक जिवंत महामाकूल प्रथमच दिसला. नाव मिळाल्याला बरोबर 100 वर्षे होत होती. आणि दिसले कोण? राक्षस नव्हे, अवघे 30 सेंटिमीटरांचे पोर! काळ्याभोर पाण्यात काचेची एक कुपी तरंगावी तसे. अंगावर तांबूस ठिपके, इंद्रधनुष्यी डोळे, आणि भुज नाजूकपणे वर उचललेले. हा तोच प्राणी, हे ठरविण्यासाठी तज्ज्ञांनी काय पाहिले? भुजांच्या मध्यावरील आकडे. मेलेल्या भुजांवरून रॉब्सनने जे नाव दिले, त्याच नावाच्या खुणेने जिवंत पोर ओळखले गेले. अनुमान खरे ठरले, आणि तरीही ते चित्र पाहून आम्हांस वाटले की, शंभर वर्षांच्या अनुमानात हे काहीच आलेले नव्हते. ती स्तब्धता, तो लखलखाट अनुमानात कसा यावा? प्रत्यक्षास नैयायिकांनी अग्रपूजेचा मान का दिला, ते पाठशाळेत पाठ करूनही आम्हांस त्या सायंकाळी समजले.

आणि समजले, तेव्हा तो जुना हिशेब उभा राहिला. पस्तीस वर्षांमागील गोष्ट. सातवीच्या वर्गात सकाळचा पहिला तास संस्कृताचा. खारव्यांचा एक मुलगा उशिरा आला. हातात खाऱ्या पाण्याने भरलेली बरणी. विज्ञानाच्या तासास दाखविण्यासाठी पहाटे होडीवरून त्याने माकूल आणला होता. वर्गात वास सुटला, मुले हसली. आम्ही बसल्या जागेवरून म्हणालो, "ती घाण आधी बाहेर टाकून ये." तो दोन पावले पुढे आला व म्हणाला, "गुरुजी, याचा रंग अजून हलतोय. एकदा बघा तरी." आम्ही पाहिले नाही. उलट मान वळविली. तो गेला, खाडीत बरणी रिती करून आला आणि मागच्या बाकावर बसला. त्या दिवशी आम्ही 'विद्या विनयेन शोभते' हा धडा घेतला, हेही स्मरते. पुढे सातवी होऊन तो होडीवर गेला. त्याच्या शाळा सोडण्याचे कारण आम्ही, असे म्हणावयास आधार नाही. घरची गरज होती. परंतु प्रत्यक्ष आपल्या पायांनी वर्गाच्या दारापर्यंत चालत आले असता, प्रमाणे शिकलेल्या आम्ही त्यास बाहेर घालविले, हे खरे. त्याच वस्तूसाठी मग आम्ही अर्धी पृथ्वी ओलांडून काचपेटीपुढे उभे राहिलो.

श्रावणात परत आलो. नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात जाऊ लागल्या होत्या. एके दिवशी सायंकाळी आम्ही बंदरावर गेलो. तो मुलगा आता दोन होड्यांचा मालक, केस पांढरे झालेला गृहस्थ. आम्हांस पाहताच जाळे टाकून उठला. "गुरुजी, तुम्ही बंदरावर? काय काम काढलंत?" आम्ही वेलिंग्टनची हकीकत सांगितली. पाच क्विंटल ऐकून त्याने दोन प्रश्न विचारले: गळाला कोणता मासा होता, आणि दोर किती खोल होता. आमच्या शाळेत इतके नेमके प्रश्न फार थोड्यांनी विचारले असतील. शेवटी धीर करून आम्ही त्या बरणीची आठवण काढली आणि म्हणालो, "त्या दिवशी आमचे चुकले."

तो मोठ्याने हसला. "आठवतंय की! आईची लोणच्याची बरणी होती ती. तुमचं बोलणं मी विसरलो असतो गुरुजी, पण घरी बरणीसाठी पाठ सुजली, ती नाही विसरलो." मग थोडे थांबून म्हणाला, "पण तो होता मात्र फार सुंदर." आणि उद्या पहाटे या, म्हणाला.

आम्ही गेलो. अंधार होता; बंदरावर दिवे लागले होते. त्याने टोपलीतून वीतभर लांबीचा एक माकूल उचलून पाण्याच्या घमेल्यात ठेवला. प्राण गेलेला होता. पण फिक्कट, दुधी काचेसारख्या अंगावर तांबडे-तपकिरी ठिपके पसरत होते, मिटत होते, पुन्हा पसरत होते. पावसाचे थेंब पाण्यावर पडावे तसे. आम्ही घमेल्यापाशी उकिडवे बसून ते ठिपके थांबेपर्यंत पाहिले. घरी येऊन स्नान केले आणि नातीस पत्र लिहावयास घेतले.